तवमणीबाईंच्या घरचा मुक्काम

उतरत्या दुपारचं पिवळं ऊन, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा घशाला ओरखडा काढणारा वास आणि ताडांच्या झावळ्यांची वरून येणारी कोरडी सळसळ. जाफना म्हटलं की मला आधी हेच आठवतं. बसमधून उतरून आम्ही मायलेकी तांबड्या मातीच्या एका गल्लीत उभ्या होतो. आईची पांढरी साडी धुळीने काठाशी लालसर झाली होती आणि माझे दोन्ही हात सामानाने अवघडले होते. पण अंगात भरून राहिलेला शीण प्रवासाचा नव्हता. वडिलांचं लांबलेलं दुखणं, त्यांचं जाणं, मग वरळीच्या चाळीतली खोली रिकामी करून नव्या उंच इमारतीत बिऱ्हाड हलवणं, हे सारं एकापाठोपाठ एक उरकत गेलं होतं आणि फोर्टातली माझी नोकरी त्यातून चालूच राहिली होती. शोक करायला सवड मिळाली नाही की तो अंगात मुरतो, आणि मग माणसाला नुसतं दमल्यासारखं वाटत राहतं.

आईची एकच इच्छा होती, अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहण्याची. तिथल्या सावलीत ती डोळे मिटून बसली आणि कित्येक महिन्यांनी तिच्या कपाळावरची आठी सैल झालेली मी पाहिली. परतीचं विमान मात्र जाफन्याहून चेन्नईला होतं, तेही एक दिवस आड. युद्धातून वाचलेलं शहर पाहायचं असं आमच्या मनातही नव्हतं. ते आमच्या वाटेवर होतं, इतकंच.

ज्यांच्याकडे उतरलो त्या तवमणीबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वय आईच्याच आसपास, घरात एकट्या. मागच्या दोन खोल्या प्रवाशांना देत. त्यांना तमिळ आणि इंग्रजी येई, आईला मराठी आणि मोडकं हिंदी. त्यामुळे दोघींच्या मध्ये मी. खोली दाखवताना त्या म्हणाल्या, ‘‘ही भिंत नंतर बांधलेली आहे. आधीची गेली.’’ न्हाणीघर कुठे आहे हे सांगावं, त्याच स्वरात.

संध्याकाळी आम्ही पाय मोकळे करायला निघालो. रंगवलेलं नवं मोबाइलचं दुकान, शेजारी छप्पर नसलेलं घर, त्याच्या माजघरात वाढलेला कडुलिंब, भिंतींवर देवीच्या वणांसारखे खड्डे, आणि त्या सगळ्याकडे न पाहता सायकलींवरून घंटी वाजवत जाणाऱ्या शाळेच्या मुली. आई त्या कडुलिंबापाशी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ‘‘आपल्या परळच्या गिरण्या अशाच दिसायच्या गं, बंद पडल्यावर.’’

खरं होतं. परळवर कुणी बॉम्ब टाकला नव्हता. तरी भोंगा थांबल्यानंतरच्या दिवसांत, चाळीच्या गॅलरीत भिंतीला पाठ टेकून बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर हाच थकवा होता. काहीतरी मोठं घडून संपलं आहे आणि आपण मात्र उरलो आहोत, असा. युद्धाला निदान शेवटचा दिवस असतो. आमचं काय संपलं आणि केव्हा, हे कुणी जाहीरच केलं नाही. धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले आणि माझे काका, मामा त्यांच्या सावलीतून मुकाट्याने ये-जा करत म्हातारे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीप्रमाणे पिशवीतून बुद्धमूर्ती काढून टेबलावर ठेवली. तळहाताएवढी पितळी मूर्ती, माझ्या आजोबांनी दीक्षा घेऊन येताना नागपूरहून आणलेली. मेणबत्ती लावून आईने वंदना सुरू केली आणि त्याच वेळी तवमणीबाई चहा घेऊन दारात आल्या. त्या उंबऱ्याच्या अलीकडे आल्याच नाहीत. वंदना संपेपर्यंत ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘राग मानू नका. पण हे माझ्या घरात नको.’’

मी काही विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं. युद्धाच्या वर्षांत गल्लीच्या तोंडाशी सैन्याची चौकी बसली आणि चौकीशेजारी हा बुद्ध बसला. त्यांच्या धाकट्या भावाला चौकशीसाठी तिथे बोलावलं होतं. ‘‘माझी आई रोज तिथे जाऊन उभी राहायची. शिपायांना हात जोडायची, आणि ते ऐकत नाहीत म्हटल्यावर यालाही जोडायची. भाऊ आला नाही.’’

हे आईला सांगणं मला जड गेलं. मी शब्द शोधत, थांबत सांगितलं. आईचा चेहरा आधी कावराबावरा झाला आणि मग ताठ.

‘‘तिला सांग,’’ ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे हा बंदूक घेऊन नाही आला. हा आला म्हणून आम्ही मान वर केली. सांग तिला.’’

मी सांगितलं. तवमणीबाईंनी मूर्तीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ‘‘तुमच्या आईचं खरं असेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण चेहरा तोच आहे ना. मी काय करू?’’

याचं भाषांतर आईने मागितलं नाही. तिने मेणबत्ती चिमटीने विझवली, मूर्ती स्वच्छ पंच्यात गुंडाळली आणि पिशवीत कपड्यांच्या घडीवर ठेवली.   मग तिने खुर्ची पुढे ओढली. ‘‘चहा गार होतोय. बाईंना बस म्हणावं.’’

तो दिवस ओढल्यासारखा गेला. जेवायला शिरवाळ्यांसारख्या तांदळाच्या शेवया आणि नारळाचं पातळ कालवण होतं. आईने थोडंच खाल्लं. ऊन कलल्यावर तवमणीबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. सकाळपासून त्यांच्या डोक्यात एकच वाक्य घोळत असावं. ‘‘मान वर केली, म्हणजे काय?’’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आजोबांचं गाव, गावची विहीर, तिच्या कठड्याखाली रिकामी घागर घेऊन ताटकळणारी आमची माणसं, आणि वरून कुणाला दया आली तर पडणारी धार. हे मी पाहिलेलं नाही, आईनेही नाही. आजोबा वेळीच मुंबईला येऊन गिरणीत लागले म्हणून आम्ही ते नुसतं ऐकलं. 

तवमणीबाईंनी अंगणातल्या विहिरीकडे बोट केलं. ‘‘इथेही होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘याच विहिरीवर. आई वरून ओतायची. मीही ओतलंय, शाळेत असताना. पाणी त्यांच्या ओंजळीत पडतंय की जमिनीवर, हे वाकून पाहावं असं कधी वाटलं नाही. पुढे युद्धात घरं सोडून पळालो तेव्हा सगळे एकाच टाकीचं पाणी प्यायलो. परत आल्यावर मात्र पुष्कळांना जुनं सगळं आठवलं.’’

मी तेही आईला सांगितलं. ती उठली, अंगण ओलांडून विहिरीपाशी गेली आणि तिने दोराला हात घातला. आयुष्यभर चाळीच्या सामायिक नळावर पाणी भरलेली बाई. विहिरीचं तिला काय ठाऊक असणार? बादली पाण्यावर नुसती तरंगत राहिली. आई दोर ओढे, सोडे, पुन्हा ओढे. तवमणीबाई तिच्याजवळ गेल्या, तिच्या हाताच्या वर आपला हात ठेवला आणि दोराला एक हिसका दिला. बादली कलंडली, बुडाली, जड झाली. दोघींनी मिळून ती वर घेतली. आई ओंजळ भरून पाणी प्यायली, तिने तोंडावरून हात फिरवला आणि ती कठड्यावर बसली. तवमणीबाईही बसल्या. कुणी कुणाची क्षमा मागितली, कुणी कुणाला जवळ घेतलं, असं काही झालं नाही. अंधार पडेपर्यंत त्या दोघी शेवग्याचा पाला निवडत होत्या, इतकंच.

निघताना रिक्षात बसल्यावर आईने मला कोपराने ढोसलं. ‘‘अगं, तिच्या भावाचं नाव काय?’’

मी विचारलंच नव्हतं. फाटकाशी उभ्या असलेल्या तवमणीबाईंना हाक मारून विचारलं. त्यांनी फाटकाची कडी घट्ट धरली. ‘‘चंद्रन,’’ त्या म्हणाल्या. बहुधा पुष्कळ दिवसांनी कुणी विचारलं असावं.

परत आल्यावरच्या रविवारी वरळीच्या विहारात बायकांनी आईला प्रवासाविषयी बोलायला उभं केलं. बोधिवृक्षाचं, तिथल्या शांत पायऱ्यांचं ऐकून सगळ्या सुखावल्या. मग आई जाफन्याबद्दल बोलली. काही गाळलं नाही. मूर्ती पंच्यात गुंडाळल्याचं ऐकून मागून कुणीतरी तीव्रपणे विचारलं, ‘‘काकू, आपण का झाकायचं? आपण काय केलंय?’’

‘‘आपण नाही केलं,’’ आई म्हणाली. ‘‘पण घर तिचं होतं.’’ कुणाचं समाधान झालं नाही. मला वाटतं, आईचंही झालं नव्हतं. मग ती म्हणाली, ‘‘आता एका मुलासाठी थोडा वेळ गप्प बसू या. चंद्रन त्याचं नाव.’’

कुजबुज झाली, मग थांबली. बाहेर नव्या इमारतीच्या पायाभरणीची यंत्रं घरघरत होती, खिडकीतून सिमेंटची धूळ आणि समुद्राचा खारा वारा एकत्रच आत येत होता, आणि पांढऱ्या साड्यांतल्या त्या बायका, जाफना कुठे आहे हेही ठाऊक नसलेल्या, परक्या गल्लीतल्या एका मुलासाठी डोळे मिटून बसल्या होत्या. समोर तोच चेहरा, अर्धोन्मीलित नेत्रांचा, शांत.

मी डोळे मिटले नाहीत. तवमणीबाईंना हे कळवावं का, याचा विचार करत होते. आपल्या भावाचं नाव या चेहऱ्यापुढे घेतलं गेलं, हे त्यांना चाललं असतं का? अजून कळवलेलं नाही.