अष्टमीला माझ्या अंगात देवी आली नव्हती

चऱ्होली आणि पंचक्रोशीतल्या समस्त माता-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेल्या नवरात्रात अष्टमीच्या दुपारी आमच्या सोसायटीच्या मंडपात माझ्या अंगात देवी आली नव्हती. सबब ज्यांनी त्या दिवशी माझ्या पाया पडून नवस बोलले, मुलाच्या नोकरीचा कौल मागितला किंवा पार्किंगच्या भांडणाचा निकाल विचारला, त्या सर्वांनी आपापले नवस मागे घ्यावेत. नारळ परत मिळणार नाहीत. ते आमच्या घरात चटणीला गेले.

मी हे हसत सांगते, कारण गोष्ट रंगवून सांगायची मला पहिल्यापासून खोड आहे. पण सांगता सांगता माझ्या मुठी वळतात. ज्या अनुभवाने माणूस शांत होतो म्हणतात, त्याने मला चांगलंच चिडवून ठेवलंय. देवीवर माझी श्रद्धा आहे, तेव्हाही होती. राग आहे तो बाकी सगळ्यांवर, आणि त्यात पहिला नंबर माझा स्वतःचा.

माझं वय पन्नाशीच्या पुढचं. पहाटे चारला उठून चाकणच्या कंपन्यांतल्या कामगारांचे साठ डबे करायचे, हा माझा धंदा. श्रावण संपता संपता मला जिना चढताना धाप लागायला लागली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा कठड्याला टेकायचं. डावा जबडा ठणकायचा. पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, कुणीतरी तापलेली उलथणी टेकवल्यासारखं व्हायचं. छातीत कळ मात्र कधी आली नाही, त्यामुळे हृदयाचं काही असेल हे मनातही आलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी दात वाजवून बघितला आणि ठणठणीत आहे म्हणाले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच पित्ताच्या गोळ्या लिहिल्या, "या वयात बायकांना होतंच, टेन्शन घेऊ नका." आमच्या मंडळाच्या अध्यक्ष कुंदाताई. त्यांनी तर जागेवर निकाल दिला, "पाळी जाताना हे असंच होतं गं. सगळ्याच जणी काढतात."

आता माझ्या रागाचं खरं कारण ऐका. त्याच श्रावणात आमच्या ह्यांना एका बारशाला चार बटाटेवडे खाल्ल्यावर छातीत भरून आलं. दहा मिनिटांत दारात तीन गाड्या. कुणी शर्टाची बटणं सोडतंय, कुणी फोन लावतंय, आणि मी पदर तोंडात धरून रडतेय. अर्ध्या तासात ईसीजी, रात्रभर देखरेख. निघाला गॅस. महिन्याभराने मी पाठ दुखतेय म्हटलं, तर हेच गृहस्थ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ओवा खा." आणि मी खाल्ला! त्यांच्या गॅसला ईसीजी, माझ्या हृदयाला ओवा, आणि ही वाटणी मला स्वतःलाही मुळीच चुकीची वाटली नाही.

त्यात नवरात्र आलं. नऊ दिवस पायात चप्पल नाही, दिवसाला एक केळं आणि पाणी. बीपीची गोळी मी पहिल्या माळेलाच बंद केली. उपवासाला गोळी चालते का, हे मी कुणाला विचारलं नाही, म्हणजे कुणी हो म्हणायचा प्रश्नच नव्हता. सकाळी घटापुढे बसून देवीला सांगायचे, बाई, मला बरं कर. आणि उठून साठ डबे भरायचे.

अष्टमीला दुपारच्या आरतीला संबळ रंगात आला होता. भर उन्हात गच्चीवरच्या त्या मंडपाचे पत्रे तापलेले. एकाएकी मला दरदरून घाम फुटला. साडी अंगाला चिकटली, हात थरथरायला लागले, श्वास आत जाईना. ओरडायला तोंड उघडलं तर घशातून नुसता हुंकार निघाला. बस्स. तेवढं पुरलं.

"आई आली!" कुंदाताई किंचाळल्या. "आईचा संचार झाला गं!"

पुढची दहा मिनिटं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मला खुर्चीवर बसवलं. अंबाडा सोडून केस मोकळे केले. कपाळभर मळवट भरला. मांडीत नारळ, तांदूळ, खण. आणि जिला श्वास घेता येत नव्हता तिच्या नाकाखाली चार जणींनी ऊदाचा धूर धरला. मी कसाबसा "पाणी" एवढा शब्द काढला, तर त्यांनी तांब्याभर पाण्याने माझे पाय धुतले. मग रांग लागली. कुणाचा मुलगा कंपनीत पर्मनंट होईल का. पार्किंगची जागा कुणाला मिळणार. मी मान हलवून नको नको म्हणत होते, आणि बिल्डिंग बी वाल्या त्याचा अर्थ आपल्याला जागा मिळणार नाही असा घेऊन आपसांत भांडायला लागल्या.

रांगेत तिसऱ्या होत्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. मूळच्या इथल्याच गावातल्या, जमिनी विकून बिल्डिंगा उभ्या राहिल्या तरी बोलणं होतं तसंच. त्या पंचाहत्तरीच्या बाईने माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आये, माज्या सुनंला बरं न्हाई. ती बोलत न्हाई, पन मला दिसतंय. तिला तेवढी बरी कर."

ज्या घरात मला वाटत होतं कुणाचं लक्ष नाही, तिथे ही म्हातारी सगळं बघत होती, आणि जिच्यासाठी मागत होती तिच्याच पायावर डोकं ठेवून मागत होती. आत्याबाई, ती मीच आहे हो, असं मला म्हणायचं होतं. ओठ हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. ते पाणी बघून कुंदाताईंनी दोन्ही हात जोडले, "आई प्रसन्न झाली."

आणि तेवढ्यात मंडपात एक बाई भांडायला आली.

शेजारच्या बिल्डिंगमधली सुजाता. चाकणच्या एका कंपनीच्या दवाखान्यात नर्स. त्यांच्या घरी बुद्धवंदना, घट बसत नाहीत, त्यामुळे ती आमच्या मंडपात कधी फिरकली नव्हती. चुरगळलेला गाऊन, वर ओढणी, डोळे लाल. "आवाज कमी करणार आहात का नाही? रात्रपाळी करून आलेय मी! जरा म्हणून डोळा..." एवढं म्हणाली आणि तिची नजर माझ्यावर पडली. रांग मोडून सरळ पुढे आली आणि माझं मनगट धरलं.

"हात लावू नका, आईचा संचार आहे," कुंदाताई आडव्या आल्या.

"संचार असेल तर हॉस्पिटलातही येईल. किती वेळ झाला घाम येतोय यांना? ताई, जबडा दुखतोय? पाठ?" मी पापण्या मिटून हो म्हटलं. "धूर काढा आधी तो! गाडी कुणाची आहे खाली?"

कुणी हलेना. देवीला उठवायचं म्हणजे कोप. मग आत्याबाईंचा आवाज आला, शेतातून हाळी घालावी तसा. "उचला गं! देवी हाय का सून हाय, ते मागनं बघू!"

मला चालत न्यायला दोघीजणी सरसावल्या, तर सुजाताने त्यांना झापलं, "एक पाऊल चालवायचं नाही. खुर्चीसकट उचला." अशा रीतीने मळवट भरलेली, केस सोडलेली, अनवाणी मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चार जणींच्या हातावर मिरवत खाली गेले. सुजाता गाऊनवरच गाडीत माझ्या शेजारी बसली. वाटेत तिने हॉस्पिटलला फोन करून सगळं सांगितलं, त्यामुळे दारातच माणसं उभी होती.

हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. तासाभरात स्टेंट बसला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी ह्यांना बाहेर समजावलं की बायकांना बऱ्याचदा छातीत कळ येतच नाही. जबडा, पाठ, धाप, मळमळ, घाम, विचित्र थकवा, असं काहीतरी होतं आणि ते पित्तावर ढकललं जातं. बीपी, साखर आहे का? तंबाखू? ह्यांनी छाती पुढे काढली, "आमच्या घरात बायका तंबाखूला शिवत नाहीत." आत्याबाईंनी कमरेच्या पिशवीतून डबी काढली, "ही मिश्री चालती न्हवं? आमी दोगी दात घासतो हिनं." डॉक्टरांनी डबी हुंगली. "आजी, ही तंबाखूच आहे. भाजलेली." तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मी तंबाखू लावत होते आणि हळदीकुंकवात निर्व्यसनी म्हणून मिरवत होते.

त्या खाटेवर पडून मी देवीशी कडाक्याचं भांडले. नऊ दिवस अनवाणी चालले त्याचं हे फळ का? साठ माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला तू अशी वाऱ्यावर सोडतेस? खूप बोलले. यंत्राची टिकटिक ऐकून नर्स दोनदा येऊन गेली. मग कधीतरी बोलायचं संपलं, आणि मला तो चुरगळलेला गाऊन आठवला. माझ्या अंगात देवी आली नव्हती हे मी जाहीर केलंच आहे. मंडपात आली होती का, याचं उत्तर मी देत नाही. पुरावा माझ्याकडे नाही. सुजाताला विचारलं तर ती म्हणते, "मी झोपमोड झाली म्हणून आले होते, ताई." मी तिला हात जोडते, ती माझा हात धरून नाडी बघते.

शरण जाणं म्हणजे सोसणं, असं मी इतकी वर्षं समजत आले. दुखलं तरी गप्प राहायचं आणि त्या गप्प राहण्यालाच भक्ती म्हणायचं. त्या दिवशी खुर्ची उचलली गेली तेव्हा मी घट्ट धरलेले दोन्ही हात सोडून दिले. डबे, घट, सासर, लोक काय म्हणतील, काहीच हातात उरलं नाही. ज्यांनी उचललं त्यांच्यावर सगळा भार टाकला. तेवढी पाच मिनिटं मी खरी शरण गेले असेन. आता रोज गोळी घेताना घटासमोर बसल्यासारखीच बसते. मिश्रीची डबी आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली, शिव्या देत.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी मी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या बायकांना बोलावलं. सुजाता बीपीचं मशीन घेऊन बसली. खरं सांगते, माझा हेतू काही शुद्ध नव्हता. मला कुंदाताईंना चारचौघींत खाली बघायला लावायचं होतं. मी सगळं करून दाखवलं: जिन्यावरची धाप, जबड्याची कळ, पाठीतली उलथणी, मळवट आणि धूर. बायका हसून लोळल्या. कुंदाताई पहिल्या रांगेत होत्या. त्या हसत नव्हत्या. महिनाभर घोटून ठेवलेलं माझं झणझणीत वाक्य ओठावर आलं होतं, इतक्यात त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या. चेहरा पांढरा पडलेला, एक हात जबड्यावर.

"अगं, हे सगळं मला दसऱ्यापासून होतंय, आणि मी घरात कुणाला बोललेच नाहीये!"