कुसुम मावशींचा सालीचा बूट

“भूतवाल्या मावशींना मुलांपासून जरा लांब बसवा हं. मागच्या वेळी आमचा आरव रात्रभर लाइट लावून झोपला.”

मराठी मंडळाच्या जेवणाची तयारी चालली होती आणि एक काकू दुसरीला हे हळू आवाजात सांगत होत्या. मी शेजारीच कोशिंबीर वाढत होते. ज्यांच्याबद्दल चाललं होतं त्या मागे दारातच उभ्या होत्या, हातात वरणाचं पातेलं घेऊन.

“लांब बसवा,” त्या म्हणाल्या, “पण भज्यांजवळ बसवा.”

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. मी खाली मान घालून हसले, ते मावशींनी पाहिलं. जेवायला त्या माझ्याच शेजारी येऊन बसल्या.

कुसुम मावशी मूळच्या नागपूरच्या. तरुणपणी स्कॉलरशिपवर बल्गेरियात शिकल्या आणि मग इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूजवळच्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांचा मध्ययुगीन इतिहास शिकवत राहिल्या. आता दर शनिवारी लायब्ररीत त्या मुलांना तिकडच्या लोककथा सांगत. त्या बौद्ध, घरात देवाची एक तसबीरही नाही, आणि तोंडी सतत भुतंखेतं. कुणी छेडलं की म्हणत, “भुतं मी मानत नाही. भुतं मानणारी माणसं मात्र मानते. राजांचं लिहून ठेवायला पदरी लोक होते. चुलीपाशी बसणाऱ्याचं कुणी लिहिलं नाही. तो कशाला भ्यायचा, तेवढंच मागे उरलं.”

शनिवारी त्यांचा प्रोजेक्टर चालवायचं काम माझ्याकडे आलं. मला ते सोयीचं होतं, कारण अंधारात बसायचं आणि बोलायचं नाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. चारचौघांत मराठी वाक्य मी आधी मनात जुळवते, तोवर विषय बदललेला असतो. ऑफिसात इंग्रजीतही माझं तेच होतं, त्यामुळे दोष भाषेचा नसावा.

“काहून इतकी गप्प असतेस गं?” मावशी म्हणायच्या. “गप्प राहणाऱ्यांना हुडकण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता रिटायर झाले, तर तू भेटलीस.”

मुलांना सगळ्यात आवडायचा तो दोमोवोय, घराचा राखणदार म्हातारा. तो चुलीमागे राहतो. घर बदलताना घरातल्या बाईने एक जुना बूट चुलीशी ठेवायचा आणि त्याला हाक मारायची, “आजोबा, चला आमच्याबरोबर.” मग तो बुटात बसून नव्या घरी येतो. हाक मारायची राहिली, तर रिकाम्या घरात रडत बसतो. हे सांगताना मावशी झाडाच्या सालीचा विणलेला एक बूट मुलांमध्ये फिरवायच्या.

“बट मावशी, व्हाय कान्ट ही जस्ट फॉलो देम?” आरवने विचारलं. तो अजूनही येत होता.

“आग्रह केल्याशिवाय येत नाही तो. आपल्याच लोकांतला दिसतो.”

एका शनिवारी त्यांनी किव्हच्या राजाची हकीकत सांगितली. त्याने नवा धर्म घेतला आणि जुन्या देवाची लाकडी मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून, काठ्यांनी बडवत नदीत टाकायला लावली. काठावर लोक रडत होते, असं बखरीत एक वाक्य आहे.

परतताना मी गाडी चालवत होते. मावशी बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे कुणी राजाने सांगितलं नव्हतं. धर्मांतरानंतर माझ्या आईने स्वतःच्या हाताने घरातले देव टोपलीत घातले आणि नदीत सोडले. मी तेव्हा तिच्या कडेवर होते. तिला त्याचा कधी पस्तावा झाला नाही. पण म्हणायची, त्या संध्याकाळी रिकाम्या कोनाड्याकडे पाहून वाटलं, आता बोलायचं कुणाशी. बल्गेरियात ते बखरीतलं वाक्य वाचलं आणि मला माझी आई दिसली. तिथून मी या विषयाची झाले.”

मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांचं घर आलं.

गेल्या महिन्यात मावशी आपल्या मुलाकडे, टेक्सासमधल्या अर्विंगला कायमच्या राहायला गेल्या. गुडघे साथ देत नव्हते, जिना चढवत नव्हता. निघायच्या सकाळी मी मदतीला गेले. खोकी गेली होती. स्वयंपाकघरात शेगडीजवळ फक्त तो बूट होता.

“आई, हा एकच आहे. फेकू का?” मुलाने विचारलं.

“राहू दे. तू बॅगा गाडीत ठेव.”

तो खाली गेला. मावशी कोट घालून उंबऱ्यात उभ्या राहिल्या, हात दाराच्या मुठीवर. निघेनात.

“मी हाक मारणार नाही,” त्या शेगडीकडे बघत म्हणाल्या. “माझ्या आईने टोपली सोडली ती सोडली. ते मी पुसायचं नाही. तिथे कुणी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.” मग म्हणाल्या, “तरी दार ओढायला हात धजत नाही बघ.”

खालून हॉर्न वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडून त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं. मी आत गेले, शेगडीपाशी बसले आणि बूट सरळ केला. वाक्य जुळवायला थांबले नाही.

“आजोबा,” मी म्हणाले. आवाज फारच बारीक आला. रिकाम्या घरात तोही घुमला. मग मी मोठ्यांदा म्हणाले, “आजोबा, इथे एकटे बसू नका. मावशी निघाल्यात. चला ना, त्यांच्याबरोबर चला.”