पेजेतली पावडर

धाकट्या भावाला मी माझी एक किडनी दिली आणि तेव्हापासून त्याच्या घरात मी पाहुणी राहिले नाही, पोलीस झाले. तिसऱ्या वर्षी त्याच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, म्हणजे किडनी थकत चालली होती, तेव्हा माझा संशय सरळ भावजयीवर गेला. गोळ्या वेळेवर देत नसणार, दुसरं काय?

पूर्णा गावातल्या गोदामातली ड्युटी संपली की मी रिक्षाने त्यांच्याकडे अंजूरला जायची. भावजय कपडे वाळत घालायला बाहेर गेली की कचऱ्यातून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या काढून मोजायची. मेळ दर वेळी बसायचा. त्याचाच मला जास्त राग यायचा. एवढं चोख कोण वागतं?

एका सकाळी न सांगता गेले. ती माझ्याकडे पाठ करून भावाच्या पेजेत काहीतरी ढवळत होती. शेजारी स्टीलचा डबा, त्यात तपकिरी पावडर. वास बेकरीतल्यासारखा.

"हे काय घालतेस त्याला?"

"ताकदीचा हाय," ती म्हणाली आणि तिने डब्याला झाकण लावलं.

माझी खात्रीच पटली. डबा उचलला आणि दोघांना घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे गेले.

तिथे तिने पर्समधून पावडरीच्या खोक्याचा घडी घातलेला पुठ्ठा काढला. डॉक्टरांनी तो वाचला. "ही यीस्टपासून केलेली आहे. पाव फुगवतात ते यीस्ट. त्याच्या पेशींच्या भिंतीत एक पदार्थ असतो. तो भेटला की आपल्या पांढऱ्या पेशींना वाटतं, बुरशी शिरली, आणि त्या खवळतात. धडधाकट माणसाचं एक वेळ ठीक. पण यांच्या अंगातली किडनी दुसऱ्याची आहे. पेशींनी तिच्यावर तुटून पडू नये म्हणून आपण गोळ्या देऊन त्यांना गुंगीत ठेवतो, आणि तुम्ही त्यांना उठवताय. रिपोर्ट यामुळेच बिघडला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आजपासून बंद. कोणी दिली?"

"मीच आनली," भावजय म्हणाली. "बाजारातशी."

पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात निळ्या मार्करची फुली होती. गोदामात चेपलेल्या खोक्यांवर ती फुली मीच मारते. दिवाळीत तसला माल आम्हाला वाटला होता. ऑपरेशननंतर 'प्रतिकारशक्ती कमी राहील, जपा' एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि खोक्यावर ती वाढते असं लिहिलेलं. रोज एक चमचा दे, चुकवू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं आणि विसरून गेले होते.

डॉक्टर तिला फैलावर घेत होते. ती मान खाली घालून ऐकत होती. मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. लाज वाटते सांगायला.

भाऊ औषधांच्या खिडकीवर गेला, तेव्हा मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"किडनी तुमची, पावडर पन तुमचीच. त्याला कसा सांगाचा, ताई?"

माझ्या पर्समध्ये तिच्या कचऱ्यातल्या पट्ट्या अजून होत्या. भाऊ औषधं घेऊन परत आला, तेव्हा मी त्याला सांगितलं की पावडर मी दिली होती.