खंडेनवमीचं तेल आणि पुढचा ब्रेक

दसऱ्याला सास्तूरला मामांकडे एकटीनं मोटरसायकलवर जायचं ठरवलं, तेव्हा पुण्यात सगळ्यांनी रस्त्याची भीती घातली. रस्ता उत्तम आहे. सोलापूरहून उमरग्यापर्यंत हायवे, फक्त ट्रकांपासून जपायचं, मग लोहाऱ्याकडे वळायचं. वाटेत ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाचटणी शंभर-दीडशेत पोटभर मिळते. घाबरायची वेळ आली ती गावात पोचल्यावर.

खंडेनवमीला मामांकडे नांगरापासून विळ्यापर्यंत सगळी अवजारं धुऊन, तेल लावून पुजतात. माझी गाडीही त्या रांगेत बसली. मामींनी तिला झेंडूचा हार घातला आणि उघडं लोखंड दिसेल तिथं करडईच्या तेलाचं बोट फिरवलं. मामांनी फोटो काढले.

दसऱ्याला सकाळी मामींना मागे बसवून निघाले. येरमाळ्याच्या येडेश्वरीला जायचं होतं, शंभरेक किलोमीटर, शेवटी डोंगर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वसवलेल्या गावाचे रस्ते रुंद आणि सरळ, त्यामुळे मी गाडी पळवली. कोपऱ्यावरून बैलगाडी आडवी आली. पुढचा ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला, तरी गाडी तशीच पुढे. मग मागच्या ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. बैलाच्या शिंगापासून हातभर अंतरावर थांबलो. मामींची नखं माझ्या खांद्यात रुतली होती.

"जरा बेतानं की ओ ताई," गाडीवान एवढंच म्हणाला.

उतरून चाकाशी बसले. पुढच्या ब्रेकची चकती लखलखत होती. बोट फिरवलं तर तेल.

"यावरही लावलंत? का लावलंत?" मी ओरडलेच.

"लोखंडाला तेल न्हाय लावलं तर गंजतंय की," मामी पुटपुटल्या.

चौदा वर्षं मी अकरावीला घर्षण शिकवते. दोन वस्तू टेकलेल्या दिसल्या तरी खऱ्या टेकतात त्या मोजक्या उंचवट्यांवर. तिथं दोन्हींकडचे अणू इतके जवळ येतात की एकमेकांना धरून ठेवतात, फारच जवळ आले तर ढकलतात. ब्रेक त्या पकडीवर चालतो. मध्ये तेलाचा डोळ्यालाही न दिसणारा थर आला, की अणूंची गाठ पडत नाही आणि पकड जाते. मामींना तिथंच रस्त्यावर हे सांगितलं.

त्यांनी आपलं बोट वर धरून पाहिलं. "मंजी माझ्या एका बोटानं आपण दोघी गेलो असतो?"

मी टेम्पो शोधायला उठले.

गाडी टेम्पोत घालून उमरग्याला नेली. मेस्त्री हसले. "दसरा आला की अशा लई गाड्या येतात, मॅडम." तेल प्यायलेले पॅड त्यांनी फेकून दिले, नवे घातले, चकती साफ केली. अर्ध्या तासाचं काम. येडेश्वरी राहिली. गावाहून परत निघताना मामी गाडीपासून चार हात लांब उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून.

पुण्याला आल्यावर या पोस्टसाठी मामांचे फोटो उघडले आणि अंगावर काटा आला. मामींचं बोट चकतीवर आहे. शेजारी तेलाची वाटी धरून मी बसले आहे, आणि दुसऱ्या हातानं चकतीची राहिलेली कोरडी जागा त्यांना दाखवते आहे.

तो फोटो मामींना पाठवला आणि लगेच फोन लावला.