वीस मिनिटांचं कौतुक

पत्नी जाऊन महिना झाला, तेव्हा तिचा वॉकर कुणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून मी पुन्हा त्या हॉस्पिटलात गेलो. खरं म्हणजे वॉर्डातल्या एका नर्सला भेटायचं होतं. वर्धेकडची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिने पत्नीच्या केसांतला गुंता सोडवून वेणी घालून दिली होती. मी औषधं घेऊन वर आलो तर दोघी गप्पा मारत होत्या, म्हणून दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. त्या आजारपणात पत्नीला हसताना मी तेवढंच पाहिलं.

सगळं आटोपल्यावर हॉस्पिटलच्या अभिप्राय वहीत मी हे लिहिलं होतं. सगळी नोकरी ग्रंथालयात झाल्यामुळे मला मोघम लिहिता येत नाही. वार, खोली, 'दुपारी चार दहा ते साडेचार', सगळं नोंदवलं.

"ती गेली नोकरी सोडून," वॉर्डच्या मुख्य सिस्टर म्हणाल्या. "कौतुक तोंडी करावं, काका. तुम्ही पंचनामा केलात."

ऑफिसने माझं पान चार्टशी ताडून पाहिलं होतं. शेजारच्या खोलीतल्या पेशंटचं चारचं इंजेक्शन चार पस्तीसला दिलेलं निघालं. त्या पाळीला अख्ख्या मजल्यावर दोघीच नर्स होत्या, हे मात्र माझ्या पानावर नव्हतं. तिला मेमो मिळाला.

मी म्हणालो, वेळ लिहिताना माझी चूक झाली, असं पत्र देतो. खोटं लिहायला मी आयुष्यात पहिल्यांदाच तयार झालो होतो.

"द्या की. पण तिला यायचं असायला हवं ना?" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून तिला फोन लावून दिला.

ती आता खराडीला विम्याचे क्लेम तपासते. "दिवसभर बसून हॉस्पिटलची बिलं वाचून राहिली, काका. पाठ दुखते, पण पाय नाही दुखत."

मी माफी मागितली. पत्राचं सांगितलं.

"नका लिहू. मेमो आधीही मिळालेत. इंजेक्शनला उशीर झाला, तेही खरंच आहे. पण या वेळी लिहून मागितलं, की कामाशिवाय पेशंटजवळ बसणार नाही. पेन घेतला, तर हातून ते लिहिलंच जाईना. मग त्याच कागदावर राजीनामा लिहिला."

मग मी विचारलं, "त्या दिवशी ती कशाला हसली होती?"

"तुम्हालाच! म्हणाल्या, बाहेर बसलेत बघ. आत येऊ का, म्हणून अर्ज लिहीत असतील."

मी फोन परत दिला. मुख्य सिस्टरांनी वॉकरच्या नोंदीसाठी रजिस्टर पुढे केलं. नाव, वस्तू, तारीख लिहिली. वेळेचा रकाना मोकळा सोडला.