डाव्या इंजिनाचं तेल आणि मनवाचा साखरपुडा

"सर, एक नंबरचं ऑइल बघा जरा," सायली म्हणाली.

सायली माझी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरची पायलट. बोरिवलीची आहे, बोलणं फटाफट. एक नंबर म्हणजे डावं इंजिन. आम्ही कोलकात्याहून मुंबईला येत होतो, नागपूर अजून थोडं पुढे होतं, आणि डाव्या इंजिनाच्या तेलाचा आकडा हळूहळू खाली चालला होता. बाकी सगळं ठीक. प्रेशर नॉर्मल, टेम्परेचर नॉर्मल. फक्त तेल कमी होत होतं, निदान स्क्रीनचं तसं म्हणणं होतं.

लोकांना वाटतं, इंजिन बिघडलं की विमान पडतं. पडत नाही. दोन इंजिनांचं विमान एकावर व्यवस्थित उडतं आणि उतरतंही. पण एक बंद केलं की उरलेल्याला स्पेअर नसतं. म्हणून इंजिन बंद करावं लागलं, तर जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं असा नियम आहे. आमचं इंजिन अजून चालू होतं. म्हणजे मुंबईपर्यंत जायची मोकळीक होती, आणि घोळ तिथेच होता.

कारण त्या संध्याकाळी मुलुंडच्या हॉलमध्ये माझ्या मुलीचा, मनवाचा, साखरपुडा होता. दुपारी परत येणारं फ्लाइट होतं, म्हटलं आरामात पोचू. पहाटे निघताना मनवानं बजावलं होतं, "बाबा, तुम्ही आल्याशिवाय मी अंगठी घालणार नाही." हे सगळ्या क्रूला माहीत होतं, कारण पहाटेपासून मी दुसरं काही बोललोच नव्हतो. ब्रीफिंगमध्ये हवामानाच्या आधी मी त्यांना जेवणाचा मेनू सांगितला होता.

आमच्याकडे एक पद्धत आहे. अडचण आली की कॅप्टननं आपलं मत शेवटी सांगायचं. आधी सांगितलं की बाकीचे माना डोलावतात. पद्धत चांगली आहे, मी ती शिकवतोसुद्धा.

"सायली, तू काय करशील?"

"मुंबई, सर. प्रेशर ठीक आहे म्हणजे तेल असणारच. गेजच खोटं दाखवत असेल."

मग केबिनची सीनिअर लॉरेन हिला इंटरकॉमवर घेतलं. मागे काही आवाज, वास, धूर?

"काहीच नाही सर, एकदम शांत. मुंबईलाच चला ना. जावईबापू थांबलेत तिकडे."

अंधेरीच्या ऑफिसात ऑपरेशन्सवाले बसतात, त्यांना मेसेज टाकला. कॉकपिटच्या छोट्या प्रिंटरवर उत्तर आलं. मुंबईला या, इंजिनिअर तयार ठेवतो, निर्णय अर्थात कॅप्टनचा. खाली एक ओळ होती, साखरपुड्याला शुभेच्छा.

कॉकपिट, केबिन आणि ऑफिस. सगळ्या नोकरीत या तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. साधा चहा कधी द्यायचा यावर होत नाही. तिथे मला खटकलं.

"सायली, समज आज माझ्याकडे काहीही नाही. घरी जाऊन टीव्ही बघायचाय. आता सांग."

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. आकडा अजून उतरला होता.

"नागपूर, सर."

"का?"

"गेज खोटं आहे हे मी नुसतं धरून चाललेय. खरं निघालं तर पुढे वाट लागेल. नागपूर समोर आहे, रनवे मोठा आहे."

"मग मघाशी मुंबई का?"

"मुलीचा साखरपुडा आहे ना यार," ती म्हणाली, आणि मग तिला कळलं की आपण कॅप्टनला यार म्हटलं. "सॉरी, सर."

मला तिचा राग आला नाही. उलट भरून आलं. ही माणसं माझ्यावरच्या मायेपोटी मला मुंबईला पाठवत होती, आणि मागे बसलेल्या प्रवाशांना त्याची काही कल्पना नव्हती. मलाही मुंबईच हवी होती, अगदी मनापासून. मी रेडिओवर नागपूर मागितलं.

उतरलो. काहीही झालं नाही. इतकं काही झालं नाही की प्रवासी खवळले. घाटकोपरचे एक गृहस्थ मला दारातच भेटले. "इंजिन मस्त फिरत होतं, मी खिडकीतून बघत होतो," म्हणाले. मग बायकोकडे वळून, मला ऐकू जाईल असं, "ह्याचंच काहीतरी कार्य असणार नागपुरात."

इंजिनिअरनं इंजिन उघडून तपासलं. तेल जागच्या जागी, पुरेपूर. सेन्सर गेला होता. सायलीचं पहिलं उत्तर बरोबर होतं, फक्त ते तिचं उत्तर नव्हतं.

मनवा थांबली. गुरुजी थांबले, व्याही थांबले, पनीर गार झालं. शेवटी मीच फोन करून सांगितलं, घाल बाळा अंगठी. ती घालताना मी नागपूर विमानतळाच्या खांबाला टेकून मोबाइलवर पाहिलं. मागे आमचे प्रवासी माझ्या नावानं शिमगा करत होते. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना पश्चात्तापाचं वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी चीफ पायलटचा फोन आला. "निर्णय शंभर टक्के बरोबर. फक्त विमान तिकडे अडकलं ना."

घरी नाश्त्याला चौकशी आयोग बसला.

"म्हणजे इंजिन चांगलं होतं?" बायकोनं विचारलं.

"हो."

"मग नागपूरला काय संत्री आणायला उतरलात?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मनवा ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, मला विचारलं असतंत तर मीपण मुंबईच म्हटलं असतं."

"माहितेय," मी म्हटलं. "तू तर मागे बसलेली असतीस तरी म्हटलं असतंस."

तेव्हापासून क्रूनं विचारलं, सर संध्याकाळचा काय प्लॅन, की मी सांगतो, काही नाही, घरी जाऊन झोपणार. मनवाच्या लग्नासाठी रजा टाकलीय. रोस्टरवाल्यांनी कारण विचारलं. मी लिहिलं, वैयक्तिक.