गुंजीच्या पोटातल्या गाठी

"खाल्लं काय ते नको सांगू. अंगी काय लागलं ते सांग."

रुक्मिणीबाईचं हे बोलणं सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत ऐकलं नाही असा माणूस नव्हता. लूमच्या कारखान्यातून सुटलेला कोणी तिच्या दारावरून जाताना "जेवलो, जिजी" म्हणाला की शेणाचे हात कमरेवर ठेवून ती हेच विचारायची. विचारायची कसली, अंगावरच यायची.

ती धुळ्याकडच्या एका खेड्यातली. बाप गावची गुरं राखायचा, आणि गुरांच्या पोटाची सगळी विद्या त्याने हिला रानात दिलेली. नवऱ्यामागे सुरतेला आली. नवरा लूमवर काम करता करता खोकून खोकून गेला. मागे राहिली एक खोली, खोलीपुढे पत्र्याचा आडोसा, आणि आडोशाखाली गुंजी. गुंजेसारख्या लाल रंगाची गाय. गुंजीच्या दुधावर रुक्मिणीबाई जगायची, आणि तिच्याशी बोलून दिवस काढायची.

शेजारचा चिंधा बारा तासांची पाळी करायचा. लूम बंद ठेवता येत नाही म्हणून उभ्या उभ्या चहात भाकर बुडवून गिळायचा. संध्याकाळी छाती चोळत तिच्या ओट्यावर बसायचा.

"जिजी, पोट जळी राहिनं."

"जळेल नाही तर काय? देवाने दात काय फोटो काढायला दिलेत?"

"टाइम नही राहत, जिजी."

"गुंजीला चार पोटं आहेत, बाबा. ती पण आधी गिळतेच. पण मग सावलीत बसते, गिळलेलं परत तोंडात आणते, चावते, मग खाली धाडते. तू गिळतोस आणि लूमवर पळतोस. तुझं चावायचं कोणी, शेठने?"

ओट्यावरची माणसं हसायची. चिंधाही हसायचा, छाती चोळत.

मग ती गुंजीच्या डाव्या कुशीत मूठ रोवायची आणि चिंधाचा हात ओढून तिथे ठेवायची. आतून संथ लाट वर यायची, गुरगुरत उतरायची. "हे मोठं पोट. पापड-बिबड्यांची ज्वारी आपण माठात आंबत घालतो ना, तसा हा माठ. गवत इथे आंबतं. त्याच्यात डोळ्याला न दिसणारे किडे असतात, ते गवत फोडतात. तुझ्या-माझ्या पोटाला गवत फोडता येत नाही. मग पुढची पोटं, मग आतडं, आणि आतड्यातून रक्तात. तिथे गेलं ते अंगी लागलं. बाकी सगळी हमाली."

प्लेगचं वर्ष आलं. आम्ही सगळे गाड्या भरभरून गावाकडे पळालो आणि महिन्या-दोन महिन्यांनी मान खाली घालून परत आलो. आल्यावर पाहिलं तर सुरत धुतल्यासारखी. कचऱ्याच्या गाड्या रोज फिरू लागल्या. रस्त्यावर उष्टं सांडायचं नाही, हे प्रत्येकाच्या मनात बसलं. भीतीनेच बसलं, पण बसलं.

आमच्या बायका गायीची भाकर आधी काढतात. तव्यावरची पहिली भाकर गायीची, मग घरच्यांची. पूर्वी दुपारी गुंजी दारोदार फिरायची आणि प्रत्येक बाई तिला हाताने भरवायची. आता गायीच्या तोंडून सांडलेला कण तरी दारात कोणाला हवा होता? तेव्हा भाकर, भात, डाळ, सगळं पातळ प्लॅस्टिकच्या झबला थेलीत घालायचं, थेलीचं तोंड लूमवरच्या तुटक्या धाग्याने करकचून बांधायचं आणि कोपऱ्यावरच्या निंबाखाली ठेवायचं. रस्ता स्वच्छ, पुण्य पक्कं.

गायीला गाठ सोडता येत नाही, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नाही. एकानेही नाही.

रुक्मिणीबाईने केला. पहिल्याच आठवड्यात ती दारोदार सांगत फिरली, "भाकर हाताने द्या. थेली नको. गाय आधी गिळते, निवडत नाही." चिंधाची बायको मालतीबाई गल्लीत सगळ्यात देवभोळी. ती म्हणाली, "जिजी, गाय शहाणी असते. थेली टाकून देईल." बाकीच्यांनी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ मारली. रुक्मिणीबाई चार दिवस निंबाखाली बसून थेल्या फाडत राहिली. पण दूध घालायला पलीकडच्या वस्तीत जावं लागायचं. ती गेली की चरायला मोकळी सोडलेली गुंजी निंबाखाली.

पुढच्या उन्हाळ्यात गुंजीचं पोट वाढू लागलं. मालतीबाई कौतुकाने म्हणाली, "जिजी, तुन्ही गायनं पोट कसं भरेल शे! आमच्या भाकरीमुळे, बरं का."

आणि रुक्मिणीबाई हसली. तेवढ्या एका हसण्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

कारण पाठीचा कणा वर येत होता. फासळ्या मोजता येत होत्या. दूध शेरावर, मग अर्ध्या शेरावर आलं. एका सकाळी तिने डाव्या कुशीत मूठ रोवली तर लाट नाही. गुरगुर नाही. ओल्या गोणीत हात घातल्यासारखं. गुंजी सावलीत बसली होती आणि तोंड हलत नव्हतं.

"रवंथ थांबलं," एवढंच ती म्हणाली. मग तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "जगाला विचारत फिरले, अंगी काय लागलं म्हणून. माझ्या गायीला विचारलं नाही!"

जनावरांचा सरकारी डॉक्टर दुपारी आला. त्याने कूस दाबून पाहिली. "मावशी, कापावं लागेल. वाचेल असं सांगत नाही. नाही कापलं तर आठवडाही नाही."

"कापा."

गुंजीला निंबाला बांधून उभी केली. चिंधा आणि मी शिंगं धरली. कुशीत सुया टोचून कातडी बधिर केली, वीतभर चीर दिली, आणि डॉक्टरने कोपरापर्यंत हात आत घातला. गल्ली गोळा झाली होती. आधी आंबट वास आला, मग हात बाहेर आला. हातात काळसर, घट्ट, दोरखंडासारखा पीळ. तो पाटीत पडला. पुन्हा हात आत. पुन्हा पीळ. दोन पाट्या भरल्या.

पिळात थेल्या होत्या. कित्येक अजून बांधलेल्याच. डॉक्टरने एक फाडली, तर आत भाकर. नुसती भिजून लगदा झालेली, पण भाकरच. माठात राहूनही न आंबलेली, गुंजीच्या रक्ताला कधी न शिवलेली. वर येऊन चावली जाईना, खाली आतड्यात उतरेना. पोट भरलेलं आणि गाय उपाशी.

रुक्मिणीबाई पाटीजवळ बसली. पाण्याचा तांब्या घेऊन तिने एकेक गाठ धुतली. धाग्याचा रंग दिसू लागला. ज्याच्या लूमवर जो माल, त्याच्या घरी तो धागा. हिरवा. पिवळा. काळा. माझ्या घरचा निळा. आणि सगळ्यात जास्त गाठी राणी रंगाच्या.

चिंधाच्या हातातलं शिंग सुटलं. "हा आमच्या लूमवरचा धागा," तो हळूच म्हणाला.

मालतीबाईने पदर तोंडाला लावला. "जिजी, माले काय माहीत? पुण्यासाठी दिधं मी!"

"पुण्य?" रुक्मिणीबाई उठली. तिचा आवाज चढला नाही, खाली गेला, आणि तो जास्त वाईट होता. "वर्षभर माझी गाय तुमचं पुण्य वाहत होती, मालती. सांगितलं होतं. घरोघर सांगितलं होतं. गाठ मारायला हात आले, सोडायला नाही आले? आता सांग, खाल्लं काय ते नको सांगू. अंगी काय लागलं?"

डॉक्टर टाके घालत राहिला.

गुंजी वाचली. चौथ्या दिवशी डाव्या कुशीत बारीकशी लाट आली. आठव्या दिवशी तोंड हललं. रुक्मिणीबाई त्या दिवसांत गायीच्या तोंडापुढून उठली नाही. निंबाखाली मात्र तिसऱ्याच दिवशी एक थेली पुन्हा दिसली. पांढरा धागा होता. कोणाच्या घरचा, ते मी सांगणार नाही. सगळ्यांना माहीत आहे.

ती थेली तिने पाहिली, आणि ठरवलं.

टाके निघाल्यावर महिन्याने तिने खोली सोडली. बारडोलीकडे तिचा भाऊ लक्ष्मण उसाच्या शेतावर राखणीला होता. तिथे उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं होतं, बांधावर गवत होतं. सकाळी तिने एक बोचकं डोक्यावर घेतलं आणि दावं हातात.

"जिजी, टेम्पो करतो ना," चिंधा म्हणाला.

"चालेल ती. चालली की रवंथ सुधारतं. वाटेत कडोदऱ्याला मुक्काम करू. तू चावून खा."

मालतीबाई दारात आली. उघड्या तळहातावर गरम भाकर होती, पहिली, थेलीशिवाय. तिने हात पुढे केला. गुंजीने मान वळवली, वास घेतला. रुक्मिणीबाईने दावं ओढलं.

"नाही."

ती निघाली. निंबापाशी थांबली नाही. गुंजीच्या डाव्या कुशीवरचा टाक्यांचा व्रण पावलागणिक हलत होता. चिंधा पाळीला उशीर करून ओट्यावर उभा होता. मालतीबाई दारात तशीच, हात पुढे करून. दोघी वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली, आणि हातावरची भाकर गार झाली.